मोटारीचा पिंजरा आणि त्याची नळी

इ. स. १९५२ च्या फेब्रुवारी महिन्यांत अमेरिकेंतील फ्लॉरिडा संस्थानांत, डेटोना गांवच्या समुद्रकांठीं, मोटारींची एक शर्यत झाली. त्या शर्यतींत धांवलेल्या गाड्या कारखान्यांतून कोऱ्या निघालेल्या नव्हत्या. जुन्या गाड्या आणून लहान लहान गॅरेजांत त्यांच्यावर वाटेल ते संस्कार केलेले होते. टिम फ्लॉक नांवाचा स्वार त्या दिवशीं पहिला आला. परंतु शर्यतीनंतर तपासनिसांनीं गाडी पाहिली आणि त्याचा विजय रद्द केला. गाडी उलटलीच तर स्वाराचें डोकें वांचावें म्हणून आंत एक भक्कम चौकट बसवावी असा दंडक होता. फ्लॉकच्या गाडींत चौकट होती. ती लांकडाची होती! पुढें त्याच वर्षीं नोव्हेंबरांत, वेस्ट पाम बीच येथें, मोसमाच्या शेवटच्या शर्यतींत हाच फ्लॉक गाडीसकट उलटा झाला. सुदैवानें तो वांचला, आणि वर्षभराच्या गुणांची बेरीज पुरेशी असल्यामुळें अजिंक्यपदहि त्यालाच मिळालें. डोक्यावर उभें राहून अजिंक्यपद मिळविणारा स्वार आपण एकटेच, असें तो पुढें विनोदानें सांगत असे. लांकडी चौकटीखालीं तो प्रसंग आला असता तर विनोद सांगावयास तो उरला असता कीं नाहीं, हा प्रश्न मात्र विनोदाचा नाहीं.

मोटारशर्यतीच्या परिभाषेंत ज्याला रोल केज म्हणतात तो हा पिंजरा. सर्कशींतील पिंजरा आंतल्या प्राण्यापासून बाहेरच्यांचें रक्षण करतो. येथें हेतु नेमका उलट असतो. स्वाराच्या पाठीमागें पोलादी नळीची एक मोठी कमान, पुढील कांचेच्या कडेनें दुसरी, दोहोंना जोडणाऱ्या आडव्या नळ्या आणि मागें टेकू दिलेले दोन तिरपे पाय, असा त्याचा साधारण आकार. गाडीनें कोलांटी खाल्ली तर टपाचा पत्रा खुशाल चेपावा, पण ही चौकट चेपूं नये, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. मोठ्या कारखान्यांस हें काम अवघड नाहीं. परंतु या पिंजऱ्याचा इतिहास पुष्कळसा घरामागच्या गॅरेजांतच घडला, आणि तेथें स्वतःच्या हातानें गाडी जुळविणाऱ्या हौशी माणसापुढें आरंभापासून दोनच प्रश्न उभे राहिले: नळी कोणती घ्यावी, आणि ती वांकवावी कशी? या दोन प्रश्नांचीं उत्तरें शोधण्यांत जगाचीं दीडशें वर्षें खर्च झालीं, आणि त्यांतील बराचसा शोध मोटारींसाठीं मुळींच नव्हता.

लोखंडी नळीची कथा बंदुकीपासून सुरू होते. १८१५ सालीं नेपोलियनशीं चाललेलीं युद्धें संपलीं आणि इंग्लंडांत निरुपयोगी बंदुकांचे ढीग पडले. त्याच सुमारास लंडनच्या रस्त्यांतून दगडी कोळशाच्या वायूचे दिवे लागूं लागले होते. त्या वायूला वाट हवी होती. तेव्हां बंदुकांच्या जुन्या नळ्या एकीस एक जोडून त्यांतून वायु खेळविण्यांत आला. इंग्लंडांतील नळकाम करणारे लोक लोखंडी नळाला 'गॅस बॅरल', म्हणजे वायूची बंदूकनळी, म्हणूं लागले तें यामुळेंच. जुन्या बंदुका अर्थातच कायमच्या पुरणार नव्हत्या. १८२५ सालीं कॉर्नेलियस व्हाइटहाउस यानें लोखंडाची लांब पट्टी तापवून सांच्यांतून ओढावयाची आणि ओढतां ओढतां तिच्या दोन्ही कडा एकमेकींस चिकटवावयाच्या, अशी कृति काढून तिचें पेटंट घेतलें. नळ स्वस्त झाला. पण त्याच्या पाठीवर या टोंकापासून त्या टोंकापर्यंत एक शिवण राहिली. आणि शिवण म्हटली कीं ताण पडतांच उसवण्याची धास्ती आलीच. आंतून वायु किंवा पाणी जावयाचें असेल तोंपर्यंत ही धास्ती फारशी नव्हती. नळीवरच भार टाकावयाचा म्हटल्यावर मात्र ती दुर्लक्षून चालण्यासारखी नव्हती.

शिवण नसलेली नळी जगाला दिली ती जर्मनीनें. रेमशाइड गांवीं मानेसमान कुटुंबाचा कानशी बनविण्याचा कारखाना होता. त्या घरांतील राइनहार्ड व माक्स या बंधूंच्या ध्यानांत असें आलें कीं, तापून लाल झालेला भरीव पोलादी गोळ तिरप्या बसविलेल्या दोन रुळांमध्यें फिरविला असतां त्याच्या गाभ्यांत आपोआप पोकळी पडूं पाहते. ज्याला इतरांनीं रुळाचा दोष समजून सोडून दिलें असतें, त्याचाच या बंधूंनीं उपयोग केला. १८८५ सालीं त्यांनीं पेटंट घेतलें. अशा रीतीनें मिळालेली जाड नळी लांब व पातळ करण्यासाठीं पुढें जी कृति निघाली तिचें नांव मोठें गमतीचें आहे. लक्झेंबुर्गांतील एख्टरनाख या क्षेत्राचे यात्रेकरू नाचत नाचत, कांहीं पावलें पुढें व कांहीं मागें टाकीत जात असत. या कृतींतहि नळी रुळांमधून थोडी पुढें व थोडी मागें अशीच सरकते, म्हणून तिला यात्रेकरूचें पाऊल अशा अर्थाचें नांव पडलें. आळंदीहून पंढरीच्या वाटेला लागलेल्या वारकऱ्यांची पाउली ज्यांनीं पाहिली आहे त्यांना ही उपमा समजावून सांगावयास नको.

या नव्या नळीला पहिलें मोठें गिऱ्हाईक मिळालें तें सायकलचें. १८९० नंतर युरोप-अमेरिकेंत सायकलचें वेडच पसरलें, आणि हलकी पण न मोडणारी नळी हवी अशी ओरड सुरू झाली. बर्मिंगहॅम येथील आल्फ्रेड रेनॉल्ड्स हा मूळ खिळे बनविणाऱ्या घराण्यांतला. सायकलची नळी मोडते ती मध्यें नव्हे, सांध्यापाशीं, हें ओळखून त्यानें १८९७ सालीं अशी नळी काढली कीं जिचा बाहेरचा व्यास सर्वत्र सारखा, परंतु आंतून दोन्ही टोंकांशीं जाडी अधिक व मध्यें कमी. जेथें भार तेथें धातु, एवढेंच हें तत्त्व. तें कळल्यावर फार सोपें वाटतें. त्याच कारखान्यांतून १९३५ सालीं मँगनीज व मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाची '५३१' नांवाची नळी निघाली आणि सायकलच्या शौकिनांत तिचें नांव अनेक वर्षें गाजत राहिलें.

सायकलनंतर विमान आलें. पहिल्या महायुद्धांत फोकर याच्या विमानांचा सांगाडा पोलादी नळ्या जोडून केलेला असे, आणि तो जोडणारा राइनहोल्ड प्लाट्स हा मूळचा वेल्डिंगचा कारागीर होता. महायुद्धानंतर अमेरिकेंतील विमानांच्या कारखान्यांनीं क्रोमियम व मॉलिब्डेनम यांचें मिश्रण असलेलें पोलाद उचललें. तिकडच्या वर्गवारींत त्याला ४१३० हा आकडा आहे. शेवटचे दोन आंकडे कर्बाचें प्रमाण सांगतात, म्हणजे त्यांत शेंकडा ०.३० कर्ब असतो. साधें मऊ पोलाद १०१८ किंवा १०२० असेल तर त्यांत तोच शेंकडा ०.१८ किंवा ०.२० असतो. विमानांचें हें पोलाद मोटारींच्या शर्यतींतहि शिरलें. १९३४ सालच्या ऑटो युनियनच्या शर्यती-गाडीचा सांगाडा अशाच मोठ्या नळ्यांचा होता; आणि जर्मन लोकांनीं काटकसर अशी केली कीं एंजिन थंड करण्याचें पाणीहि त्याच नळ्यांतून फिरविलें! सांध्यांतून पाणी झिरपूं लागलें तेव्हां तो उद्योग सोडून द्यावा लागला.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण त्याच्या पायीं हौशी लोकांचे पुष्कळ पैसे वायां गेले आहेत. भारी पोलाद घेतलें म्हणजे चौकट अधिक ताठ होते असें सर्वसाधारणपणें समजलें जातें. तें खरें नाहीं. ताठपणा ही एक गोष्ट, बळ ही दुसरी. साध्या पोलादाची व क्रोमियमच्या पोलादाची सारख्या मापाची नळी घेतली आणि दोहोंवर सारखा बेताचा भार टांगला, तर दोन्ही सारख्याच लवतील. फरक इतकाच कीं भार वाढत गेल्यावर साधी नळी आधीं कायमची वांकेल, दुसरी पुष्कळ वेळ तग धरील. ताठपणा वाढतो तो मापानें. जाडी तीच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला तर वजन दुप्पट होतें, पण ताठपणा जवळजवळ आठपट होतो. म्हणून बारीक भरीव गजापेक्षां मोठी पोकळ नळी श्रेष्ठ. पण याचाहि अतिरेक चालत नाहीं. व्यास वाढवीत व जाडी घटवीत गेलें तर नळी शेवटीं पत्र्याच्या डब्यासारखी होते आणि एका ठोशानें चेपते. क्रोमियमच्या पोलादाची आणखी एक खोड आहे. वेल्डिंगनंतर तें झपाट्यानें निवालें तर सांध्यालगतचा भाग कडक व ठिसूळ होतो. अशिक्षित हाताला त्यापेक्षां साधें पोलाद पुष्कळ क्षमाशील.

आतां वांकविण्याचा प्रश्न. पपईच्या पानाचा पोकळ देठ घेऊन तो वांकविला तर काय होतें हें कोकणांतील कोणतेंहि पोर सांगेल: कांहीं वेळ तो गोलाईनें वळतो, मग एकाएकीं आंतल्या बाजूस चेपून मोडतो. पोलादी नळीचें दुखणें हेंच. वांकतांना बाहेरची बाजू ताणली जाऊन पातळ होते, आंतली दबून जाड होते व तिला सुरकुत्या पडतात, आणि मधली पोकळी या दोहोंच्या ओढाताणींत गोल न राहतां लंबगोल होते. यावरचा जुना उपाय म्हणजे पोकळी भरून काढणें. आपल्याकडील सोनार पोकळ बांगडी चेपूं नये म्हणून तिच्यांत लाख भरतात. तुताऱ्या-शिंगें बनविणारे युरोपांतील कारागीर पितळेच्या नळींत राळ किंवा शिसें ओतून मग ती वळवीत. आणि लोहार-नळकारागीर लोखंडी नळींत वाळू ठासून, दोन्ही तोंडांस लांकडी खुंट्या मारून, नळी लाल करून वांकवीत. वाळू मात्र खडखडीत कोरडी लागे. तींत ओल राहिली तर तापल्यावर वाफ होऊन खुंटी गोळीसारखी उडे.

थंड नळी यंत्रानें वांकविण्याची विद्या सायकलीबरोबर वाढली; सायकलचा हातधरा, म्हणजे हँडल, हा तिचा सर्वांत परिचित नमुना. जर्मनींतील डेसाऊ येथील बाउहाउस या कलाशाळेंत शिकविणारा तरुण मार्सेल ब्रॉयर सायकल शिकला आणि त्या हँडलाकडे पाहून त्याच्या मनांत आलें कीं, पोलाद इतकें मुकाट्यानें वळतें तर त्याची खुर्ची कां होऊं नये? १९२५ च्या सुमारास त्यानें नळीची खुर्ची केली, आणि त्या कामीं त्यानें मदत घेतली ती एका नळकारागिराची. दवाखान्यांतील व कचेऱ्यांतील नळीच्या खुर्च्यांचा वंश तेथून चालू झाला.

परंतु खुर्चीच्या नळीवर माणूस बसतो, पिंजऱ्याची नळी माणसावर पडणारी गाडी अडविते. हा भेद लक्षांत आला कीं वांकविलेल्या नळीविषयीं शंका उत्पन्न होते. सरळ नळी टोंकांवरून दाबली असतां फार मोठा भार घेते. तीच आधींपासून बांकदार असेल तर भार पडतांच तिचा बांक वाढूं लागतो. म्हणून अभियंत्यांचें मत असें कीं, सांगाडा सरळ नळ्यांच्या त्रिकोणांचा असावा. या मताला इंग्लंडांत एका घरगुती कारखान्यानें मोठा मजेदार छेद दिला. लंडनजवळच्या सर्बिटन येथील गॅरेजांत चार्ल्स कूपर व त्याचा मुलगा जॉन यांनीं १९४६ सालीं एक छोटी शर्यती-गाडी जुळविली होती. फियाटच्या दोन छोट्या गाड्यांचे पुढचे भाग घेऊन ते पाठीला पाठ लावून जोडलेले, आणि मागें मोटारसायकलचें एंजिन! त्यांचा धंदा वाढल्यावर ओवेन मॅडॉक हा आराखडेकार आला. त्यानें सांगाड्याचे एकामागून एक शास्त्रशुद्ध आराखडे काढून दाखविले, पण म्हाताऱ्या कूपरच्या पसंतीस एकहि उतरेना. शेवटीं कंटाळून मॅडॉकनें थट्टेखातर असा एक आराखडा काढला कीं ज्यांतील झाडून सगळ्या नळ्या वांकड्या. आणि तो समोर टाकतांच कूपर म्हणाला, हाच हवा. अभियंते हंसले. पण १९५९ व १९६० अशीं लागोपाठ दोन वर्षें जॅक ब्रॅबम यानें वांकड्या नळ्यांच्या कूपर गाड्यांतच जगाचें अजिंक्यपद मिळविलें. बांकदार नळी अंगाच्या आकाराप्रमाणें जात असल्यामुळें पत्रा बसविण्यास वेगळे टेकू लागत नसत, एवढा एक फायदा तींत होता खरा. यावरून वांकडी नळी सरळीपेक्षां बरी असा निष्कर्ष काढणें मात्र धाडसाचें होईल. तो विजय एंजिन मागें बसविण्याचा आणि हलकेपणाचा होता; नळ्यांचा बांक त्या विजयाच्या आड आला नाहीं, इतकेंच म्हणतां येईल.

पिंजऱ्याच्या बाबतींत तर ही निवडहि हातीं राहत नाहीं. स्वाराच्या पाठीमागची मुख्य कमान सांध्यावांचून, एकाच अखंड नळीची असली पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय मोटार संघाचा नियम आहे. म्हणजे ती वांकविणें भाग. तेव्हां वांकवावें कसें हेंच सांगणारा कडक नियम हवा, आणि तो झाला. नळी थंडपणें ओढून काढलेली, शिवण नसलेली, साध्या कर्बयुक्त पोलादाची असावी. कर्ब शेंकडा ०.३ पेक्षां अधिक नसावा. तिची ताण सोसण्याची शक्ति दर चौरस मिलीमीटरास निदान ३५० न्यूटन असावी. मुख्य कमानीची नळी ४५ मिलीमीटर व्यासाची व २.५ मिलीमीटर जाडीची, किंवा ५० व्यासाची व २ जाडीची. इतर नळ्या ३८ व २.५, किंवा ४० व २. वांकविण्याचें काम थंड स्थितींत व्हावें. बांकाची त्रिज्या, नळीच्या मध्यरेषेवर मोजून, व्यासाच्या तिपटीहून कमी नसावी. बांकांत नळी लंबगोल झालीच तर तिचा लहान व्यास मोठ्याच्या नऊ दशांशांहून कमी भरतां कामा नये. बांक गुळगुळीत असावा. सुरकुती नको, भेग नको.

हे आंकडे कोणीं लहरीनें ठरविलेले नाहींत. तिपटीचा नियम घेऊन पाहावा. ४५ मिलीमीटरच्या नळीला तिप्पट म्हणजे १३५ मिलीमीटर त्रिज्येचा बांक दिला, तर नळीची बाहेरची कड मध्यरेषेपासून साडेबावीस मिलीमीटर दूर असल्यामुळें, साध्या हिशेबानें, मूळ लांबीच्या एक षष्ठांशानें म्हणजे सुमारें १७ टक्के ताणली जाते. चांगलें मऊ पोलाद तुटण्यापूर्वीं याहून अधिक ताणलें जाऊं शकतें. म्हणून हें सोसतें. त्रिज्या दुपटीवर आणली कीं ताण २५ टक्क्यांवर जातो आणि सोसण्याची पुंजी जवळजवळ संपते. बांक तर दिसावयास सुरेख येतो, पण ज्या जागीं गाडी जमिनीवर आपटणार त्याच जागीं नळीनें आपलें बळ आधींच खर्चून टाकलेलें असतें.

हौशी माणूस चुकतो तो येथेंच, आणि बहुधा दोन गोष्टींमुळें. पहिली म्हणजे नळ व नळी यांतला फरक. पाण्याचा नळ हा आंतल्या पोकळीच्या नांवानें विकला जातो, आणि तें नांवहि आतां नांवापुरतेंच उरलें आहे. दीड इंची नळाचा बाहेरचा व्यास दीड इंच नसून ४८.३ मिलीमीटर असतो. नळाचें काम पाणी न गळूं देण्याचें. त्याच्या पोलादाची ताकद काय, शिवणीची परीक्षा कोणत्या मापानें केली, हें पिंजऱ्याच्या दृष्टीनें कोणी हमी देऊन सांगत नाहीं. त्यांतून तो जस्ताचा मुलामा दिलेला असला तर वेल्डिंग करतांना निघणाऱ्या पांढऱ्या धुरानें कारागिराला संध्याकाळीं थंडी वाजून ताप भरतो. नळी ही बाहेरच्या व्यासानें व जाडीनें विकली जाते आणि तिच्याबरोबर पोलादाच्या जातीचा दाखला मागतां येतो. दाखल्यावांचून घेतलेली नळी म्हणजे कुंडलीवांचून नव्हे, तर नांवगांव न विचारतां जुळविलेलें लग्न.

दुसरी गोष्ट वांकविण्याच्या हत्याराची. बाजारांत स्वस्त मिळतें तें जॅकचें यंत्र: दोन रुळांवर नळी टेकवावयाची आणि मधून अर्धगोल ठोकळा दाबून ती वांकवावयाची. हें हत्यार जाड नळांसाठीं योजिलेलें. पातळ नळी त्यांत घातली कीं ठोकळ्याच्या तोंडाशीं चेपून चपटी होते. मोटारीचा धूर सोडणाऱ्या नळ्या वांकविणारीं यंत्रें याच जातीचीं. धुराला चपटी नळी चालते, पिंजऱ्याला चालत नाहीं. तीन रुळांचें यंत्र मोठे, संथ बांक देतें. टपाच्या कडेचा किंचित् गोलवा त्यानें सुरेख येतो, पण कमानीचा कोंपरा येत नाहीं. कामाचें यंत्र तें जें नळीला ओढून घेतें. नळीच्या व्यासाइतकी खांच असलेलें चाक, त्यावर नळीचें टोंक घट्ट पकडणारी पकड, आणि मागून नळीला दाबून धरणारा सरकता ठोकळा. चाक फिरलें कीं नळी त्याच्यावर गुंडाळली जाते, आणि खांचेनें तिन्ही बाजूंनीं धरल्यामुळें ती चेपूं शकत नाहीं. भिंत फारच पातळ असेल तर आंत एक दांडाहि सरकवितात. प्रत्येक व्यासाला व प्रत्येक त्रिज्येला वेगळें चाक लागतें, म्हणून हें यंत्र महाग. ज्या घरगुती कारागिरानें एकच चांगलें चाक घेतलें आणि सारा आराखडा त्या एका त्रिज्येवर बसविला तो शहाणा. नळी सोडल्यावर थोडी उलगडते. ९० अंशांचा कोन हवा असेल तर दोन-तीन अंश अधिकच वळवावी लागते. किती अधिक, हें त्याच नळीचा एक तुकडा वांकवून पाहिल्यावांचून कळत नाहीं.

शर्यतींच्या जगाला या पिंजऱ्याचें महत्त्व पटावयास बराच काळ लागला. १९५० च्या दशकांत कित्येक स्वारांना असें प्रामाणिकपणें वाटे कीं, अपघातांत गाडींतून बाहेर फेंकलें जाणेंच बरें; पेटलेल्या गाडींत अडकून राहण्यापेक्षां तें मरण सोपें. १९६१ पासून फॉर्म्युला वनच्या गाड्यांना डोक्यामागें कमान असणें सक्तीचें झालें. पण पुष्कळ गाड्यांत ती स्वाराच्या शिरस्त्राणाहूनहि ठेंगणी असे, आणि कमरेचे-खांद्याचे पट्टे सक्तीचे व्हावयास १९७२ साल उजाडलें. पट्ट्यावांचून कमान म्हणजे दारावांचून कुलूप. आणि याच्या उलटहि तितकेंच खरें आहे: शिरस्त्राण न घालतां, रोजच्या रस्त्यावर, डोक्याशेजारीं उघडी पोलादी नळी घेऊन हिंडणें हें रक्षण नसून संकट आहे, साध्या धक्क्यालाहि डोकें तिच्यावर आपटतें. हौसेनें बांधलेल्या कित्येक गाड्यांत या दोन गोष्टींची नेमकी अदलाबदल झालेली दिसते.

नियम झाले म्हणजे काम संपलें असेंहि नाहीं. ३ जुलै १९२२ नव्हे, २०२२ रोजीं, म्हणजे फ्लॉकच्या लांकडी चौकटीला सत्तर वर्षें झाल्यावर, इंग्लंडांतील सिल्व्हरस्टोन येथें चीनचा स्वार जो ग्वानयू याची गाडी पहिल्याच वळणावर उलटी होऊन घसरत गेली. सर्व परीक्षांतून उत्तीर्ण झालेली तिची कमान जमिनीवर घासतांना मोडून गेली. तो वांचला तो २०१८ सालीं सक्तीच्या झालेल्या, डोक्याभोंवतींच्या टायटॅनियमच्या कड्यामुळें. कमानीची परीक्षा ठरलेल्या दिशांनीं दाबून केली जात होती. अपघातानें निराळी दिशा निवडली. पुढील वर्षासाठीं कमानीच्या माथ्याचा आकार आणि परीक्षेचा जोर, दोन्ही बदलण्यांत आले.

घरगुती गाडीची परंपरा मात्र अजून चालू आहे, आणि तिचा एक चांगला भाग विद्यार्थ्यांकडे आला आहे. १९७६ सालीं अमेरिकेंतील साउथ कॅरोलिना विद्यापीठांत बाहा नांवाची एक स्पर्धा सुरू झाली: अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनीं स्वतः आंखून, स्वतः जोडून, खडकाळ रानांत धांवणारी लहान गाडी बनवावयाची. २००७ पासून भारतांतहि, मध्य प्रदेशांतील पीथमपूर येथें, ती भरूं लागली, आणि पुण्याकडील महाविद्यालयांतून तींत गाड्या जात आल्या आहेत. त्या गाडीच्या पिंजऱ्याचा नमुना म्हणून २५ मिलीमीटर व्यासाची, ३ मिलीमीटर जाडीची, शेंकडा निदान ०.१८ कर्ब असलेल्या पोलादाची नळी ठरविलेली होती. दुसरें माप घ्यावयाचें तर त्या नळीइतकाच ताठपणा व तितकेंच बळ त्यांत आहे, हें गणितानें सिद्ध करून द्यावें लागे. याखेरीज त्या पोरांकडून आणखी एक काम करून घेतलें जाई. ज्या हातानें पिंजरा जोडला त्याच हातानें, त्याच नळीचे दोन नमुने जोडावयाचे. एक सांधा तीस अंशांचा. तो उभा चिरून वितळलेला धातु किती खोल गेला तें दाखवावयाचें. दुसरा काटकोनांतला, तो मुद्दाम तोडावयाचा, आणि तोडतांना सांधा न सुटतां मूळ नळीच फाटली पाहिजे. तो फाटका तुकडा गाडीच्या तपासणीच्या वेळीं परीक्षकांच्या टेबलावर ठेवावा लागे.